आधी गच्ची, मग गेट!

'शाळा' हा शब्द नुसता निघाला तरी हॉस्टेलच्या कुठल्याही रूममध्ये अर्धा तास कसा जातो ते कळत नाही. कुणाची पहिली छडी, कुणाचा डबा, कुणाचा गॅदरिंगमधला फसलेला डान्स... मग शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा विषय निघतो, गेट-टुगेदर ठरतं, हॉटेल कोणतं आणि माणशी किती हेही ठरतं. पण आपल्या शाळेची गच्ची गळते का, हे त्या गप्पांमध्ये कुणी विचारलेलं मी आजवर ऐकलं नाही. आठवणींना डागडुजी लागत नसते. इमारतीला लागते! आणि मला ह्या लेखात इमारतीबद्दल बोलायचं आहे.

माझं गाव बाळापूर. अकोल्याहून खामगावकडे निघालात की वाटेत लागतं. मन आणि म्हैस ह्या दोन नद्यांच्या संगमावरचा विटांचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंहांची छत्री, पाहुणे आले की आम्ही ह्या दोन गोष्टी हमखास दाखवतो. किल्ला अचलपूरच्या इस्माईल खान नबाबाने 1757 मध्ये पुरा केला. म्हणजे अडीचशे वर्षं कधीच उलटून गेली. माझी शाळा त्यामानाने अगदी लहान मूल! ती 'कॉन्व्हेंट' आहे. आता आपल्या वऱ्हाडात टाय आणि बेल्ट असला की कोणतीही शाळा कॉन्व्हेंट होते, आमच्याकडे सिस्टर एकही नव्हती, पण मराठीचा तास सोडून मराठी बोललं की दंड मात्र होता. असो.

आमची बॅच दहावी 2021 ची. परीक्षाच झाली नाही, निकाल अंतर्गत गुणांवर लागला, आणि सेंड-ऑफ नावाचा प्रकार आम्ही पाहिलाच नाही. मार्च 2020 मध्ये शाळेचं गेट बंद झालं ते आमच्यासाठी बंदच राहिलं. त्यानंतर मी आत पाऊल टाकलं ते गेल्या दिवाळीच्या सुट्टीत. भावाच्या कास्ट व्हॅलिडिटीसाठी माझा प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा हवा होता. ऑफिसमध्ये सांगितलं, अर्धा तास थांबा. म्हटलं चला, तेवढ्यात एक चक्कर मारू.

गेट एकदम नवीन. ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरं, बाजूला टॉपर मुलांचे फोटो असलेला मोठा फ्लेक्स. आत पोर्चला ताजा रंग. आणि जिना चढून पहिल्या मजल्यावर गेले तर व्हरांड्याच्या छताचा प्लास्टर चटईएवढा सुटलेला, आतल्या सळया उघड्या, तांबूस-काळ्या, हात लावला तर पापुद्रे निघतील अशा. आमच्या पाचवीच्या वर्गात कोपऱ्यात भिंतीवर पाण्याचे नकाशे उतरलेले. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग वर बीमपर्यंत गेलेली. गच्चीच्या कठड्यावर पिंपळाचं रोप हाताएवढं वाढलेलं. आणि मुलींच्या टॉयलेटचं दार बिजागरीतून निखळलेलं, त्याच्या जागी एक टिनपत्रा टेकवून ठेवलेला. आत जाणाऱ्या मुलीसोबत मैत्रिणीने बाहेर पत्रा धरून उभं राहायचं, अशी सोय.

घंटी वाजवणारे काका अजून तेच आहेत. त्यांनी ओळखलं. म्हटलं, "काका, हे कवापासून असं?" तर म्हणाले, "दोन वर्स झाले न पोरी. पाणी लागलं का पाचवीले खाली आणतो, सहावीच्या पोरायजवळ बसवतो. वरून पोपडे पडतेत न. सांगतलं आमी मोठ्या सायबाले. पाहू म्हणे."

दोन वर्गांची मुलं एका खोलीत, आणि "पाहू म्हणे". ह्या दोन शब्दांवर आपल्याकडच्या किती शाळा उभ्या असतील!

कुणी म्हणेल, एका शाळेचा पोपडा पडला, त्यात लेख लिहिण्यासारखं काय? तर ऐका. ऑगस्ट 2017 मध्ये तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचं छत कोसळलं आणि तीन मुलं गेली. 25 जुलै 2025 ला राजस्थानातल्या झालावाड जिल्ह्यात पिपलोदीच्या सरकारी शाळेचं छत सकाळी सकाळी खाली आलं, सात मुलं गेली. वरून खडे पडतायत असं मुलांनी आधी सांगितलं होतं, हे वर्तमानपत्रांत आलं. त्यानंतर केंद्र सरकारने सगळ्या राज्यांना शाळांचं सेफ्टी ऑडिट करायला सांगितलं. पिपलोदीत खडे, आमच्याकडे पोपडे. शब्द वेगळा आहे, गोष्ट एकच आहे.

मी सिव्हिलची. त्यामुळे थोडं आपल्या सिलॅबसमधलं सांगते, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी पान उलटू नये! काँक्रीटमधली सळई गंजत नाही, कारण ताज्या काँक्रीटचा पीएच 12 च्या वर असतो आणि त्यात लोखंडावर एक संरक्षक थर तयार होतो. पण गच्चीवर पाणी साचून मुरत राहिलं, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरत गेला, की हा पीएच उतरतो आणि सळई गंजायला लागते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट होतं. त्याला जागा लागते, म्हणून तो खालचं कव्हर ढकलून पाडतो. आयएस 456 प्रमाणे साध्या परिस्थितीतही स्लॅबला किमान 20 मिमी कव्हर पाहिजे. गावोगावच्या स्लॅबचे पोपडे उचलून पाहा, दहासुद्धा भरत नाही असे सापडतील. म्हणजे पोपडा पडणं हा रंगाचा प्रॉब्लेम नसतो. आतली सळई बारीक होत चालल्याची ती नोटीस असते.

त्यात आपला भाग म्हणजे दुष्काळात तेरावा. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. अकोट, तेल्हारा, दर्यापूर, मूर्तिजापूर, शेगाव, आमच्या बाळापूर तालुक्यातलीही गावं त्यात येतात. जे पाणी पिता येत नाही तेच बोअरचं पाणी काँक्रीट कालवायला आणि क्युरिंगला वापरलं जातं. आयएस 456 म्हणतं, आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर नको. बांधताना कोण तपासतं? क्लोराइड एकदा आत गेलं की सळईवरचा थर पीएच चांगला असतानाही फुटतो.

आणि खाली काळी माती! कपाशीला सोनं, पायव्याला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात एवढी आकसते की भेगेत पाय जावा. इमारत दरवर्षी थोडी वर, थोडी खाली. ही हालचाल चारी कोपऱ्यांना सारखी होत नाही, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. ह्यावर उपाय नाही असं नाही. रुरकीच्या सीबीआरआयने अशा मातीसाठी अंडर-रीम्ड पाईल कधीच काढून ठेवले आहेत. ते करायला जमलं नाही तर निदान पायव्याभोवती फरशीचा पट्टा घालून पाणी लांब न्यावं, हे तर गवंड्यालाही कळतं. किल्ला टिकला त्यात एक साधं कारण हेही आहे की त्याच्या विटांच्या पोटात गंजायला सळई नाही. आपल्या इमारतींना सळई आहे, म्हणून त्यांना दरवर्षी लक्ष हवं.

लक्ष म्हणजे किती खर्च? डी सिटर नावाच्या तज्ज्ञाने 1984 मध्ये पाचाचा नियम मांडला. बांधताना नीट काम करायला जिथे एक रुपया लागतो, तिथे तो वाचवला तर वेळीच देखभाल करायला पाच, नुकसान दिसायला लागल्यावर दुरुस्तीला पंचवीस आणि सगळंच हाताबाहेर गेल्यावर सव्वाशे रुपये लागतात. आकडा सगळीकडे तंतोतंत असाच येतो असं नाही, पण दिशा पक्की आहे. पिंपळाचं रोप बोटाएवढं असताना उपटायला फुकट. पावसाच्या आधी गच्चीवरचा पाला काढून पन्हाळी मोकळ्या करायला एक माणूस, एक दिवस. हाच दिवस दहा वर्षं वाचवला की स्लॅब पाडायची वेळ येते. त्यातच 2020 आणि 2021 चे दोन पावसाळे शाळा मुलांविना गेल्या. वर्ग भरत नसेल तर कुठे गळतंय हे तरी कोण सांगणार?

मग एवढी स्वस्त गोष्ट होत का नाही? माझं उत्तर सरळ आहे. दुरुस्ती हे कुणाच्याच नावावरचं काम नाही, आणि तिचं उद्घाटन होत नाही. नवीन खोलीला भूमिपूजन असतं, फीत असते, कोनशिला असते, पेपरात फोटो असतो. पन्हाळी साफ केल्याची कोनशिला तुम्ही कुठे पाहिली का? खासगी संस्थेला ॲडमिशनसाठी गेट दाखवावं लागतं, गच्ची दाखवावी लागत नाही. पालकही गेट पाहूनच फी भरतात. आपल्या सगळ्यांचे आईवडील धरून म्हणतेय मी.

जिल्हा परिषदेच्या शाळांचं दुखणं थोडं वेगळं. तिथे खोली मोडकळीला आली की तिला 'शिकस्त' म्हणतात. मग प्रस्ताव जातो, इंजिनीअर पाहून अहवाल देतो, मंजुरी येते, खोलीचं 'निर्लेखन' होतं, म्हणजे ती कागदावरून काढली जाते, मग ती पाडतात, आणि मग नवीन खोलीचा निधी. प्रत्येक पायरीला एक टेबल. तोवर मुलं समाजमंदिरात नाहीतर झाडाखाली. आणि ह्या अवघ्या प्रवासात 'शिकस्त होण्याच्या आधी' नावाची पायरीच नाही! दरवर्षी यू-डायसचा फॉर्म भरताना किती खोल्यांना किरकोळ दुरुस्ती लागते, किती खोल्यांना मोठी, हे शाळा लिहून देतात. किरकोळच्या रकान्यातली खोली काही वर्षांनी मोठ्या दुरुस्तीच्या रकान्यात जाते. ती का गेली, हे विचारायला रकाना नाही.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. 2004 मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून नव्वदच्या वर मुलं गेली. त्यावरून झालेल्या याचिकेत सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये, सरकारी असो की खासगी, शाळांच्या इमारतींनी नॅशनल बिल्डिंग कोडमधले सुरक्षेचे नियम पाळावेत असं बजावलं. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक ऋतूत वापरता येईल अशी इमारत, शिक्षकामागे एक वर्गखोली, मुला-मुलींची वेगळी टॉयलेट, पिण्याचं पाणी हे सगळं लिहिलेलं आहे. 'प्रत्येक ऋतूत' हे शब्द पुन्हा वाचा. पाणी लागलं की पाचवी खाली आणावी लागते ती इमारत ह्या व्याख्येत बसते का, तुम्हीच सांगा. आणि दारच नसलेलं टॉयलेट मोजणीत 'एक' धरायचं का?

आता दोन आक्षेप. मी हा विषय मेसमध्ये काढला तेव्हा ते लगेच आले. पहिला, "हे संस्थेचं काम आहे, सरकारचं काम आहे, आपण कायले डोकं लावायचं?" बरोबर आहे, काम त्यांचंच आहे, आणि ते त्यांच्याकडूनच करवून घेतलं पाहिजे. वर्गणी काढून स्लॅब आपण बदलावा असं मी म्हणतच नाही. तसं केलं तर पुढच्या वेळी तेही आपल्याच गळ्यात. पण काम करवून घ्यायला कुणीतरी आधी ते नेमक्या शब्दांत लिहून द्यावं लागतं. "शाळा खराब झाली" असं म्हटलं की उत्तर येतं "पाहू". "पहिल्या मजल्यावरच्या खोलीत अमुक बीमखाली तीन मिमी रुंदीची भेग, अमुक तारखेला मोजली" असं लिहून आवक क्रमांक घेतला की "पाहू" म्हणणं अवघड जातं. आणि असं लिहिणारी माणसं गावात कोण? आपणच की! भेग मोजायला आपल्याला चार वर्षं शिकवतात.

दुसरा आक्षेप आमच्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांचा. "झेडपीच्या शाळेशी आपला काय संबंध?" संबंध हा, की सळई मीडियम विचारत नाही. इंग्रजी, मराठी, उर्दू, तिन्ही शाळांच्या खाली काळी माती तीच आहे. शिवाय झेडपीत निदान शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत, आणि शाळेचा विकास आराखडा तिने करायचा असतो. विनाअनुदानित शाळांना ही समिती नाही. म्हणजे फी भरणाऱ्या पालकाला ग्रॅनाइटचं गेट मिळतं, पण गच्चीबद्दल बोलायला हक्काची खुर्ची मिळत नाही. ह्या बाबतीत झेडपीचा पालक आमच्या पालकांच्या एक पाऊल पुढे आहे.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना 2020 च्या ग्लोबल टीचर प्राइझमुळे आणि क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे माहीत आहेत. पण 2009 मध्ये ते तिथे रुजू झाले तेव्हा ती शाळा गोठ्याला लागून असलेली पडीक इमारत होती. क्यूआर कोड नंतर आला. आधी बसायला जागा नीट करावी लागली. हा क्रम आपण नेहमी विसरतो.

तर माझं म्हणणं असं. येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत हॉस्टेलमधल्या प्रत्येकाने आपापल्या जुन्या शाळेत एक सकाळ घालवावी. पावसाळ्याच्या आधी, म्हणजे मे महिन्यातच. मुख्याध्यापकांची परवानगी काढून, वही, टेप आणि मोबाईल घेऊन पाच गोष्टी पाहाव्या:

1. गच्चीवर पाणी कुठे साचतं त्याचे डाग, आणि पन्हाळी मोकळ्या आहेत की नाहीत.
2. कठड्यावर, भिंतीत झाडं उगवली का.
3. छताला कुठे पोपडे, कुठे सळई उघडी. खालून काठीने हलकं ठोकलं तर पोकळ आवाज येतो का.
4. भेगा कुठे, किती रुंद. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण आणि तारीख. जमल्यास भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंनी चिकटवावी. काच तडकली तर भेग अजून चालू आहे.
5. टॉयलेटला दार, कडी आणि पाणी आहे का. हे मुलींनीच तपासावं.

हे काही स्ट्रक्चरल ऑडिट नाही, तो अधिकार आपल्याला नाही, आणि तसा आव आणूही नये. हा फक्त आजार लिहून काढायचा कागद आहे. तो फोटोंसकट शाळेला द्यायचा, झेडपी असेल तर समितीला आणि बांधकाम विभागाला, खासगी असेल तर संस्थेला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना. पोच घ्यायची. दिवाळीत परत जाऊन त्याच भेगा पुन्हा मोजायच्या. उत्तर नाही आलं तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. जिथे छताखाली मुलं बसवणंच धोक्याचं वाटेल तिथे दिवाळीची वाट न पाहता त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं, वर्ग हलवा.

सरांना आणि मॅडमना एक विनंती. रासेयोच्या सात दिवसांच्या शिबिरात आपण गावच्या शाळेला रंग देतो, भिंतीवर सुविचार लिहितो. हेतू चांगला असतो. पण भेगेवर रंग लावला की भेग बंद होत नाही, दिसेनाशी होते. पुढच्या वर्षी पाहणाऱ्या इंजिनीअरलाही ती दिसत नाही. तेव्हा ब्रश हातात घेण्याआधी एक दिवस पेन्सिल घेऊया. सिव्हिलच्या थर्ड इयरचा हा वर्कशॉपच समजा. गाईड म्हणून एक सर सोबत असले तर त्या कागदाला वजन येईल.

आपल्या वऱ्हाडाला हे नवीन नाही. गाडगेबाबा ह्याच मातीतले, शेंडगावचे. कीर्तन रात्री व्हायचं, पण त्याआधी दिवसा बाबांच्या हातात खराटा असायचा. गाव एकदा झाडून झालं म्हणून बाबांनी खराटा खाली ठेवला नाही, कारण केर रोज पडतो. इमारतीचंही तसंच आहे. पाऊस दरवर्षी येतो, माती दरवर्षी फुगते, तेव्हा पाहणीही दरवर्षी झाली पाहिजे.

गेट-टुगेदर जरूर करा. केक कापा, सेल्फी काढा. फक्त ह्यावेळी हॉटेलऐवजी शाळेत करा, आणि जेवायच्या आधी सगळ्यांनी मिळून एकदा गच्चीवर जाऊन या. गेट कसंही असलं तरी चालेल, मुलं त्याच्याखाली सहा तास बसत नाहीत.

(तृतीय वर्ष, सिव्हिल)